ओएस.पाथ ते पाथलिब: सात आठवडे, दीड लाख फायली आणि 'बुद्रुक'चं टिंब

पुण्यातल्या एका कार्यालयात जमिनीचे जुने कागद स्कॅन होतात. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचे नकाशे. स्कॅन झालेल्या फायलींना नाव देणं, त्या योग्य फोल्डरात टाकणं आणि रात्री बॅकअप घेणं हे सगळं पायथनचा चार वर्षं जुना कोड करतो. या कोडात पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, ही साधी स्ट्रिंग होती, म्हणजे नुसता अक्षरांचा मजकूर. कुठे ओएस.पाथ.जॉइन हे पायथनचं पाथ जोडणारं जुनं फंक्शन, कुठे अधिक चिन्ह लावून मधे स्लॅश. २०२५च्या जून-जुलैमध्ये आम्ही तो सगळा पाथलिबवर नेला. पाथलिब म्हणजे पाथला स्ट्रिंगऐवजी स्वतंत्र ऑब्जेक्ट मानणारं पायथनचं मॉड्यूल. अंदाज दिला होता चाळीस तासांचा, लागले एकशे चाळीस. जास्तीचे शंभर तास नेमके कुठे गेले ते पुढे लिहिलं आहे. फंक्शनांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून इथे देवनागरीत घेतली आहेत.

मुळात हे काढलं कशासाठी? सर्व्हर उबंटू २०.०४ या लिनक्सवर होता आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५मध्ये संपला. त्यासोबत येणारं पायथन ३.८ तर ऑक्टोबर २०२४मध्येच निवृत्त झालं होतं. सर्व्हर हलवायचाच आहे तर पाथचा पसाराही आवरून टाकू, असं ठरलं. हे दोन बदल एकदम हाती घेणं ही आमची पहिली चूक. आधी पायथन बदलून दोन आठवडे चालू द्यायला हवं होतं.

सोमवार, २ जून. पहिलं काम मोजदाद. रफ नावाच्या लिंटरमध्ये, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या खटकणाऱ्या जागा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 'पीटीएच' ही नियमांची मालिका आहे. जिथे जिथे पाथलिब वापरता येईल त्या जागा ती दाखवते. पीटीएच११८ म्हणजे ओएस.पाथ.जॉइन, पीटीएच१२३ म्हणजे थेट ओपन. आमच्या कोडात ३१२ जागा निघाल्या. पण ज्या जागा धोक्याच्या होत्या त्या या यादीत आल्याच नाहीत, कारण दोन स्ट्रिंगा अधिकने जोडल्या तर लिंटरला त्यात पाथ दिसत नाही. त्यासाठी अवतरणातला स्लॅश आणि बॅकस्लॅश ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या साधनाने शोधून यादी हाताने केली. अशा आणखी ८८ जागा सापडल्या. तुम्ही हे काम करणार असाल तर ही दुसरी यादी आधी करा.

थोडी पार्श्वभूमी. पाथलिब २०१४ साली पायथन ३.४मध्ये आलं. सुरुवातीला ते अडचणीचं होतं, कारण ओपनला पाथ ऑब्जेक्ट चालायचा नाही, प्रत्येक ठिकाणी एसटीआर लावून त्याची स्ट्रिंग करावी लागायची. ३.६पासून ओपन आणि ओएस मॉड्यूलमधली बहुतेक फंक्शनं पाथ सरळ स्वीकारतात. म्हणून 'पाथलिब वापरलं होतं, वैतागून सोडलं' असं सांगणारे जुने लोक भेटतात, त्यांचं त्या काळापुरतं बरोबरच आहे.

पहिला आठवडा फक्त टेस्ट लिहिण्यात घालवला आणि तो वेळ वसूल झाला. प्युअरपॉझिक्सपाथ आणि प्युअरविंडोजपाथ हे दोन क्लास डिस्कला हात लावत नाहीत, फक्त नावांचं गणित करतात. त्यामुळे लिनक्सच्या लॅपटॉपवर बसून विंडोजच्या पाथची टेस्ट लिहिता येते. ही गोष्ट आम्हाला चार वर्षांपूर्वी माहीत असती तर एक मोठा घोळ टळला असता. डेटाबेसमध्ये स्कॅनिंगच्या विंडोज मशीनवरून आलेले पाथ होते, बॅकस्लॅशवाले. लिनक्सवर पाथ घेऊन त्याचं नेम, म्हणजे फक्त फाइलचं नाव, विचारलं की अख्खीच्या अख्खी स्ट्रिंग परत मिळते, कारण लिनक्सला बॅकस्लॅश हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर. जुन्या कोडात यासाठी स्प्लिट, रिप्लेस आणि पुन्हा स्प्लिट अशी सतरा ओळींची कसरत होती. तिच्या जागी प्युअरविंडोजपाथ(जुना_पाथ).नेम एवढंच राहिलं.

आता सातबाराचं. ज्याने कोणी या कागदाला '७/१२' असं नाव दिलं त्याला पुढे फाइलसिस्टिम येणार हे कुठून माहीत असणार. गट नंबरही तसेच: १४५/२, ८८/१/ब. फाइलच्या नावात स्लॅश चालतच नाही. जुन्या कोडात स्लॅशच्या जागी आडवी रेघ टाकणारं एक छोटं फंक्शन होतं, पण ते पाथ जोडणाऱ्या फंक्शनाच्या आत दडलेलं. आम्ही जॉइन काढून पाथलिबचं भागाकाराचं चिन्ह वापरलं आणि ते फंक्शन वाटेत गळालं. मग असं झालं:

पाथ("स्कॅन") / "१४५/२.पीडीएफ"

यातून 'स्कॅन' फोल्डरात '१४५' नावाचा नवा फोल्डर आणि त्यात '२.पीडीएफ'. तसा तो फोल्डर नसल्यामुळे फाइलनॉटफाउंड एरर यायला हवा होता. पण लिहिण्याआधी फोल्डर बनवणारं एमकेडीआयआर पॅरंट्स=ट्रू, एग्झिस्ट_ओके=ट्रू घालून ठेवलं होतं, त्यामुळे ते फोल्डर मुकाट्याने तयार होत गेले. पॅरंट्स=ट्रू सवयीने सगळीकडे लावू नका. मूळ फोल्डर असलाच पाहिजे अशी खात्री जिथे असते तिथे तो नसल्याची ओरड ऐकू यायला हवी.

याहून वाईट म्हणजे पोटहिस्सा. काही नोंदींत क्लार्कने फक्त '/२अ' लिहिलं होतं. उजवीकडचा तुकडा स्लॅशने सुरू झाला की पाथलिब डावीकडचं सगळं टाकून देतं आणि पाथ होतो थेट '/२अ'. ओएस.पाथ.जॉइनही हेच करतं, हा काही पाथलिबचा दोष नाही. सर्व्हरवर रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात, लिहायची परवानगी नव्हती म्हणून पर्मिशन एरर आला आणि आम्हाला कळलं. बाहेरून आलेलं कोणतंही नाव आधी स्वच्छ करायचं, मगच जोडायचं.

जूनचा दुसरा आठवडा. इथून खरं बदलायला घेतलं. पाथला अधिक चिन्हाने स्ट्रिंग जोडता येत नाही, सरळ टाइपएरर येतो. जुन्या कोडात 'नाव + ".पीडीएफ"' अशा ४० जागा होत्या आणि त्या सगळ्या एकामागून एक फुटल्या. एरर दिसला की हात आपोआप विथ_सफिक्सकडे, म्हणजे पाथलिबच्या प्रत्यय बदलणाऱ्या फंक्शनाकडे, जातो. टेस्ट हिरव्या झाल्या, आम्ही पुढे गेलो.

नंतरच्या आठवड्यात पालख्या पुण्यात मुक्कामाला. फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता बंद, त्यामुळे सगळे घरूनच काम करत होते. रिकामा वेळ होता म्हणून फायलींच्या पूर्ण प्रतीवर नवा कोड चालवला. चालवण्याआधी १,५१,००० फायली होत्या, नंतर १,३८,०००च्या आसपास. एकही एरर नाही, लॉग स्वच्छ. तेरा हजार फायली मात्र गायब.

कारण सापडायला दीड दिवस लागला. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द, वडगाव बुद्रुक. पुण्याच्या आसपास अशा जोडगावांची रांगच आहे आणि कागदावर सगळीकडे 'बु.' आणि 'खु.' असंच लिहितात. फाइलचं नाव, प्रत्यय लावण्याआधी, असं होतं:

कोंढवा बु. १४५-२

पाथलिबच्या हिशेबात नावातल्या शेवटच्या टिंबापासून पुढचं सगळं म्हणजे सफिक्स. म्हणजे इथे सफिक्स झालं '. १४५-२'. विथ_सफिक्स(".पीडीएफ") म्हटल्यावर त्याने ते सफिक्स काढलं आणि नवं लावलं. उरलं 'कोंढवा बु.पीडीएफ'. गट १४५-२ असो की १४६ की २०३-१-ब, प्रत्येकाचं नाव तेच. आणि लिनक्सवर रिनेम आधीच्या फाइलवर न विचारता नवी फाइल बसवतं. अख्ख्या कोंढवा बुद्रुकची शेवटी एकच फाइल उरली होती. विंडोजवर रिनेमला तिथे फाइल आधीच दिसली असती तर फाइलएग्झिस्ट्स एरर आला असता. म्हणजे नेहमी ज्या विंडोजच्या नावाने बोटं मोडतो त्याने इथे वाचवलं असतं.

टेस्टमध्ये हे का आलं नाही? टेस्टमधली गावं होती खराडी आणि वाघोली. टिंब नसलेली.

दुरुस्ती सोपी आहे. जोडायचं असेल तर जोडाच: विथ_नेम(पाथ.नेम + ".पीडीएफ"). विथ_सफिक्स फक्त तिथेच जिथे जुनं सफिक्स आहे याची खात्री आहे आणि तेच बदलायचं आहे. त्या चाळीस जागांपैकी विथ_सफिक्स योग्य होतं फक्त सहा ठिकाणी. शिवाय हलवण्याच्या प्रत्येक जागी आधी 'तिथे काही आहे का' ते बघून, असेल तर थांबायचं असं केलं. मुद्दाम जुनी फाइल बदलायची असेल तर रिनेम नको, रिप्लेस लिहा. ते दोन्ही सिस्टिमवर सारखं वागतं आणि वाचणाऱ्यालाही हेतू कळतो.

कार्यालयातल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकांना फोन करून विचारलं की नावातलं टिंब काढता येईल का.

"अहो साहेब, टिंब काढलं तर ते बुद्रुक आहे हे कळणार कसं?"

"मग पूर्ण 'बुद्रुक' लिहिलं तर?"

"रजिस्टरमध्ये 'बु.' आहे ना. आम्ही रजिस्टरप्रमाणेच लिहिणार."

बरोबर आहे त्यांचं. नावं त्यांची आहेत, कोडने सांभाळायचं. पण टिंबाचा आणखी एक पेच निघालाच. फोल्डरचं नाव नुसतं 'आंबेगाव बु.' असेल तर विंडोज शेवटचं टिंब गुपचूप काढून टाकतं. शेवटची मोकळी जागाही. फोल्डर बनवताना एरर नाही, एग्झिस्ट्स विचारलं तरी उत्तर ट्रू, कारण विचारतानाही ते टिंब काढूनच बघतं. पण आयटरडीआयआरने यादी घेतली की नाव येतं 'आंबेगाव बु' आणि डेटाबेसमधल्या 'आंबेगाव बु.'शी ते जुळत नाही. शेवटी फोल्डरांच्या नावात गावाचा कोड आधी आणि 'पत्रके' हा शब्द शेवटी टाकला, म्हणजे टिंब मधे गेलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्कॅनिंगची विंडोज मशीनं हाती घेतली. तिथे सेटिंगच्या फाइलमध्ये पाथ साध्या अवतरणात लिहिलेले होते. पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतर रोमन एन आला की नवी ओळ होते, टी आला की टॅब. सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरचा पाथ लिहिला तर बॅकस्लॅश आणि मोठा यू एकत्र येऊन प्रोग्रॅम सुरूच होत नाही. आमच्याकडे चार वर्षं काही झालं नाही, कारण फोल्डरांची नावं मराठी होती आणि बॅकस्लॅशनंतर 'स्कॅन'चा स आला तर पायथनला त्यात काही विशेष दिसत नाही. नव्या मशीनवर कोणीतरी इंग्रजीत 'टेम्प' फोल्डर केला आणि पाथमध्ये टॅब घुसला. उपाय: पाथ लिहिताना पुढचा स्लॅश वापरा, पाथलिब विंडोजवर तो नीट समजून घेतं. रॉ स्ट्रिंग (बॅकस्लॅशला विशेष अर्थ न देणारी) वापरली तर लक्षात ठेवा की ती एकट्या बॅकस्लॅशने संपवता येत नाही.

याच मशीनांवर शून्य बाइटच्या काही फायली सापडल्या. एकीचं नाव 'मोजणी १०'. मूळ नाव ऑपरेटरने 'मोजणी १०:३०.पीडीएफ' असं दिलं होतं. एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिमवर विसर्गचिन्हासारखा दिसणारा हा कोलन म्हणजे फाइलच्या पोटातल्या वेगळ्या प्रवाहाची खूण. त्यामुळे 'मोजणी १०' ही रिकामी फाइल बनते आणि खरा स्कॅन तिच्या आत '३०.पीडीएफ' नावाच्या प्रवाहात जाऊन बसतो. एक्सप्लोररमध्ये फाइल रिकामी दिसते आणि लिनक्सवर कॉपी केली की आतला प्रवाह कायमचा जातो. अशा अकरा फायली त्याच मशीनवर, पूर्ण नावाने उघडून वाचवल्या. शून्य बाइटची फाइल दिसली म्हणून लगेच पुसू नका.

मग लांबीचा प्रश्न. विंडोजवर पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, त्यात ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटचं अदृश्य शून्यही धरलेलं. विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीत लाँगपाथ्सएनेबल्ड १ केलं की ती उठते आणि पायथन ३.६पासून त्याला तयार आहे. पण रजिस्ट्रीला हात लावायचा तर ॲडमिन हवा, आणि ॲडमिन म्हणजे कार्यालयाने नेमलेला आयटीवाला. आधी ई-मेल. मग उत्तर आलं की बदलाचा फॉर्म भरा. फॉर्मवर 'बदल मागे कसा घ्याल' असा रकाना होता, तो रिकामा ठेवला म्हणून फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा भरला, मग साहेबांची सही. एकूण अकरा दिवस. सहा मशीनांवरचं प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. असा फॉर्म भरायचा असेल तर मागे घेण्याच्या रकान्यात 'किंमत पुन्हा ० करून मशीन रीस्टार्ट' एवढं लिहिलेलं चालतं.

मर्यादा उठल्यावर लोक मोकळेपणाने नावं देऊ लागले आणि अडचण सर्व्हरवर सरकली. एक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. अक्षरं नव्हे, बाइट. 'कोंढवा' डोळ्याला तीन अक्षरी दिसतो. यूनिकोडच्या हिशेबात क, ओकार, अनुस्वार, ढ, व, काना असे सहा कोडपॉइंट, म्हणजे सहा वेगळ्या खुणा, आणि यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी तीनप्रमाणे अठरा बाइट. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ कोडपॉइंटची जागा. एनटीएफएसवर २५५ एककं मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट एका एककात बसतो. त्यामुळे 'मौजे अमुक तालुका हवेली जिल्हा पुणे गट क्रमांक…' असं शंभर-सव्वाशेचं नाव विंडोजवर बिनतक्रार चालतं आणि सर्व्हरवर ओएसएरर ३६, फाइलचं नाव फार लांब. नाव तयार करतानाच त्याचे यूटीएफ-८ बाइट मोजा आणि २००च्या वर गेलं तर तिथेच थांबवा. तात्पुरत्या फायलींना पुढे-मागे काही जोडलं जातं, म्हणून थोडी जागा शिल्लक ठेवायची.

जुलैचा पहिला आठवडा एका अक्षराने खाल्ला. खडकवासल्याच्या बाजूला गोऱ्हे नावाची गावं आहेत, बुद्रुक आणि खुर्द. डेटाबेस म्हणतो 'गोऱ्हे' आहे, यादीत 'गोऱ्हे' दिसतंय, पण एग्झिस्ट्स फॉल्स. कोडपॉइंट छापून बघितल्यावर एकाच दिसण्याच्या आड तीन प्रकार निघाले. एकात नुक्त्याचा अखंड ऱ, म्हणजे ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, त्याला वेगळा नुक्ता ०९३सी, मग हलन्त. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य जोडणारं चिन्ह २००डी. कोणत्या कळफलकावर टाइप केलं त्यावर हे ठरतं. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात. एक्सटी४ आणि एनटीएफएस दोन्हींना ही तीन वेगवेगळी नावं वाटतात. आमच्यातल्या एकाच्या मॅकवर पहिले दोन प्रकार एकच धरले जात होते, कारण मॅकची एपीएफएस फाइलसिस्टिम शोधताना असे समान प्रकार जुळवून घेते. त्यामुळे त्याच्याकडे टेस्ट हिरवी आणि सर्व्हरवर लाल, यावर एक अख्खी दुपार वाद झाला.

यूनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ, एनएफसी प्रकारात, पहिला आणि दुसरा प्रकार एक करतं. तिसऱ्याला ते हात लावत नाही, तो स्वतः बदलावा लागतो: र, हलन्त आणि २००डी दिसलं की ऱ आणि हलन्त. आम्ही आधी ही अदलाबदल करतो आणि मग एनएफसी. हे फंक्शन आम्ही नाव आत येताना एकदाच लावतो, डेटाबेसमध्ये आणि डिस्कवर जाण्याच्या दारातच. प्रत्येक तुलनेच्या वेळी लावायला गेलात तर एखादी जागा हमखास राहते.

जाता जाता: आकडे देवनागरीत असले म्हणून बिचकू नका. इंट("१४५") पायथनमध्ये १४५च देतं. पण '१४५' आणि रोमन अंकातलं तेच नाव या दोन वेगळ्या फायली. शिवाय नावांप्रमाणे क्रम लावला तर '१०' आधी आणि '२' नंतर येतो. ग्लॉब किंवा आयटरडीआयआर कोणताही क्रम देण्याचं वचन देत नाही, त्यामुळे सॉर्टेड लावा आणि कीमध्ये अंक वेगळा काढा.

शनिवार-रविवार, १२ आणि १३ जुलै. सर्व्हर बदलायचा मुहूर्त. उबंटू २०.०४वरून थेट २४.०४ला जाता येत नाही, मधे २२.०४ घ्यावं लागतं, म्हणून अपग्रेड दोनदा. २४.०४वर पायथन ३.१२ आहे आणि सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने काही घालू देत नाही, त्यामुळे आधी व्हेन्व्ह, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कप्पा. ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळींत त्या व्हेन्व्हमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्यायला विसरू नका, आम्ही तीनपैकी एका ओळीत विसरलो.

रविवारी रात्री सगळं चालू झालं. सोमवारी सकाळी बॅकअपची डिस्क भरलेली.

बॅकअपची कॉपी करणाऱ्या आरसिंक या प्रोग्रॅमला मूळ फोल्डर दिला जातो तेव्हा शेवटच्या स्लॅशला अर्थ असतो. '/डेटा/स्कॅन/' म्हणजे आतलं सगळं घे, '/डेटा/स्कॅन' म्हणजे फोल्डरासकट घे. पाथलिब शेवटचा स्लॅश टाकून देतं, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच. त्यामुळे बॅकअपमध्ये जुन्या फायलींशेजारी 'स्कॅन' नावाचा नवा फोल्डर आणि त्यात सगळं पुन्हा एकदा. दोन टेराबाइटची नवी डिस्क साडेसहा हजारांना आणावी लागली, जुनीवर खात्री करून साफसफाई होईपर्यंत. बाहेरच्या प्रोग्रॅमला पाथ देताना अशा जागी एफ-स्ट्रिंगने स्लॅश स्वतः लावा. याचंच दुसरं रूप सुरुवातीला: पाथ("./चालवा.एसएच")मधलं टिंब-स्लॅशही जातं आणि सबप्रोसेस ती फाइल चालू फोल्डरात न बघता सिस्टिमच्या पाथ यादीत शोधत बसतं. तिथे रिझॉल्व्हने पूर्ण पाथ करून द्या.

दुसऱ्या रात्री क्रॉनच्या होम फोल्डरातल्या जुन्या तात्पुरत्या फायली गेल्या. सेटिंगमध्ये 'तात्पुरता फोल्डर' रिकामा होता. रिकामा म्हणजे साफसफाई करू नको, असा जुना करार: स्ट्रिंग रिकामी असेल तर इफ पुढे जात नव्हता. पण पाथ("") म्हणजे पाथ("."), चालू फोल्डर, आणि पाथ ऑब्जेक्ट इफमध्ये कधीच खोटा ठरत नाही. क्रॉनमध्ये चालू फोल्डर म्हणजे त्या यूजरचं होम. नशीब की साफसफाई फक्त सात दिवसांपेक्षा जुन्या, ठरावीक प्रत्ययाच्या फायलींची होती. आता रिकामी तपासणी स्ट्रिंगवरच होते आणि मगच तिचा पाथ होतो, नसेल तर नन, म्हणजे 'काहीच नाही' ही पायथनची किंमत. या एका प्रकारासाठी सगळा कोड पुन्हा चाळला, आणखी चार जागा मिळाल्या. सगळ्यात जास्त घाबरवणारी चूक हीच. विथ_सफिक्सने निदान प्रतीवर नुकसान केलं, ही थेट चालू सर्व्हरवर.

बाकीचं पटपट. जुनं ग्लॉब मॉड्यूल टिंबाने सुरू होणाऱ्या फायली चांदणीत (*) धरत नाही, पाथलिबचं ग्लॉब धरतं. मॅकवरून आलेल्या '._'वाल्या फायली प्रत्ययाने पीडीएफ दिसतात आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम त्यांच्यावर आपटतो, म्हणून नावाची सुरुवात तपासा. टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरातून डेटाच्या डिस्कवर रिनेम केलं तर ओएसएरर १८ येतो, कारण दोन वेगळ्या फाइलसिस्टिममध्ये रिनेम होत नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात लिहा आणि मग रिप्लेस करा. जेसन या डेटा साठवण्याच्या प्रकाराला पाथ चालत नाही, मूळ फोल्डरापासूनचा सापेक्ष पाथ ॲज_पॉझिक्सने स्ट्रिंग करून साठवा. अपलोड ठरलेल्या फोल्डरातच आहे का हे स्टार्ट्सविथने बघू नका, '/डेटा/अपलोड_जुने' हेही '/डेटा/अपलोड'नेच सुरू होतं. दोन्ही पाथ रिझॉल्व्ह करा आणि मग इज_रिलेटिव्ह_टूने तपासा. ते ३.९पासून आहे. रीड_टेक्स्टला एन्कोडिंग यूटीएफ-८ असं सांगाच, नाहीतर विंडोजवर मराठी मजकुराची अक्षरं कोलमडतात.

सगळं बदललं नाही. दीड लाख फायलींची रात्रीची फेरी ओएस.स्कॅनडीआयआर या फोल्डराची यादी देणाऱ्या फंक्शनावरच ठेवली. प्रत्येक फाइलसाठी पाथ ऑब्जेक्ट बनवण्याचा भार तिथे जाणवत होता, आणि त्या पंचवीस ओळींत नावांची काहीच उलाढाल नाही.

शुक्रवार, १८ जुलैला काम संपल्याचा ई-मेल गेला. बिल ठरल्याप्रमाणे चाळीस तासांचं, डिस्कचे साडेसहा हजार आमच्या खिशातून. टेस्टमध्ये आता खराडी आणि वाघोलीच्या जोडीला कोंढवा बु., गोऱ्हे खु. तिन्ही प्रकारांत, '/२अ' आणि '१०:३०' आहेत. रेकॉर्डवाल्या काकांकडे एक यादी प्रलंबित आहे: एकाच गटाच्या दोन-दोन फायली, नावं दिसायला अगदी सारखी, आतला कागद वेगळा. अशा तेवीस जोड्या आहेत. त्यातला कोणता कागद खरा ते रजिस्टर उघडून तेच सांगतील, त्यासाठी त्यांनी पुढचा गुरुवार दिला आहे.